पिकअपचा गंज मेअखेर काढून घ्या

मडगार्डच्या कडेला रंग फुगून नखाएवढा फोड आला की बहुतेक जण खपली उचकटतात, टचअपच्या बाटलीतलं ब्रश एकदा फिरवतात आणि गाडी भाड्याला लावतात. पुढच्या पावसात तिथेच रुपयाएवढा फोड येतो, कारण गंज रंगाच्या खालून कडेकडेने सरकत असतो. वर दिसतो त्यापेक्षा मोठा पत्रा आत लाल झालेला असतो. तो सगळा उघडा केल्याशिवाय वरचा रंग म्हणजे नुसती झाकपाक.

आधी गाडी कुठे फिरते ते बघा. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट अशा भरपावसाच्या वाटेने गोव्याला भाजी नेणाऱ्या गाड्यांचे दरवाजे खालच्या शिवणीत सडतात, काचेच्या रबराखाली फोड येतात. परतीला मासळीचे क्रेट भरले असतील तर खारं पाणी हौद्याच्या कोपऱ्यात मुरतं. बेळगाव जिल्ह्यातच अथणी-चिक्कोडीकडे पाऊस कमी, पण काळी माती मडगार्डच्या आतल्या दुमडीत घट्ट बसते आणि कितीतरी दिवस ओली राहते. त्यात खताची पोती फुटली तर बघायलाच नको. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाच्याच जातीचं. रबरी मॅटखाली सांडलेलं पोटॅश दमट हवेत ओल धरून पत्रा खात बसतं.

कामाला हात घालण्याआधी जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन गंजलेल्या जागी जोर देऊन टोचा. पत्रा टणक लागला तर काम घरी होण्यासारखं आहे. टोक आत गेलं किंवा पत्रा दबला, तर तेवढा भाग कापून नवा तुकडा वेल्ड करायला लागतो. भोकावर पुट्टी थापून देणारे पेंटर भेटतील, त्यांना पैसे देऊ नका. पुट्टी मागच्या बाजूने पाणी शोषते आणि वर्षाच्या आत चकती होऊन निघते. चासी (गाडीचा खालचा सांगाडा), स्प्रिंगच्या पाट्यांचे ब्रॅकेट किंवा केबिनचे माउंट गंजले असतील तर तो रंगाचा विषय नाही, थेट वेल्डरकडे जा.

गाडी धुऊन एक दिवस कडक उन्हात उभी करा, दरवाजे उघडे ठेवून. मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने फोडाच्या चारही बाजूंना चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा. इथे ग्राइंडरचा कप ब्रश फसवतो. तो गंज काढण्याऐवजी त्यालाच पॉलिश करतो आणि पत्रा साफ दिसायला लागतो. उन्हात तिरपा बघितला की खड्ड्यांच्या तळाशी काळे ठिपके दिसतात. तो गंजच. टोकदार दाभणाने ते एकेक खरवडा आणि परत पेपर मारा. सगळा वेळ इथेच जातो आणि जायलाच पाहिजे.

पुढे १८० आणि ३२० नंबर. जुन्या रंगाची कड दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत उतरती करा. हातावर पातळ कापड धरून बोट फिरवा. पायरी लागली तर ती रंगानंतरही दिसणार. शेवटी थिनरच्या फडक्याने पुसा आणि लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने. डिझेल किंवा रॉकेलने पुसलं तर तेलाचा थर राहतो आणि रंग धरत नाही. नंतर उघड्या पत्र्याला हात लावू नका, घामातही मीठ असतं.

आता दोनपैकी एकच वाट धरा. पत्रा पूर्ण साफ झाला असेल तर दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर, डब्यावरच्या प्रमाणात मिसळून. खड्ड्यांत थोडा गंज उरलाच असेल तर रस्ट कन्व्हर्टर. तो गंजाला काळा, स्थिर थर बनवतो, आणि त्यावर त्याच्याच बाटलीवर सांगितलेला प्रायमर. फॉस्फोरिक ॲसिडचा कन्व्हर्टर लावून वर इपॉक्सी ओढला तर राहिलेल्या ॲसिडमुळे इपॉक्सी नीट पिकत नाही, थराने सुटतो. हार्डवेअरच्या दुकानातला साधा रेड ऑक्साइड जाळी-गजांना ठीक. त्यावर गाडीचा रंग मारला की तेज थिनरने खालचा थर उचलतो आणि सुरकुत्या पडतात.

पुट्टी लागलीच तर प्रायमर सुकल्यावर, पातळ. १०० ग्रॅम पुट्टीला साधारण २ ग्रॅम हार्डनर. लवकर सुकावी म्हणून जास्त घातला तर वरच्या रंगावर डाग उठतात. पुट्टी कोरडीच घासा आणि त्यावर प्रायमरचा आणखी एक हात द्या.

रंगाला स्प्रेचा कॅन पुरतो. दोन मिनिटं हलवा, २०-२५ सेंटिमीटरवरून मारा, तीन पातळ हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. मास्किंग टेपची कड उलटी दुमडून लावली तर जोडाची रेघ उमटत नाही. पांढऱ्यातही छटा असतात, म्हणून कंपनीचा कोड सांगूनच कॅन घ्या. हार्डनरवाला रंग किंवा क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) असेल तर तोंडाला रुमाल चालत नाही, गॅस-काडतुसाचा मास्क लागतो. तो नसेल तर ते काम पेंटरकडेच द्या.

हे सगळं फेब्रुवारी ते मेमध्ये. वळवाची चिन्हं असतील त्या दिवशी नको. पावसाळ्यात घासलेला पत्रा काही तासांत परत तांबूस होतो आणि दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते. घासून ठेवून "उद्या प्रायमर मारू" हे तर कुठल्याच महिन्यात नको.

बाहेरून रंग झाला तरी पाण्याची वाट मोकळी करायची राहते. दरवाजाच्या खालच्या कडेची भोकं मातीने बुजलेली असतात, ती तारेने उघडा आणि आतल्या शिवणीत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत मारायचं गंजरोधक मेण, फवारा. वॅक्सने भोकं परत बुजली नाहीत ना, तेही बघा. काळं ऑईल फासायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, पण ते धूळ धरतं, रबरी बुश फुगवतं आणि गाडी उभी राहील तिथली माती खराब करतं. हौद्यातली मॅट महिन्यातून एकदा पूर्ण उचला. मासळी किंवा खत नेलं असेल तर त्याच दिवशी, आणि गोड्या पाण्याने धुऊन पत्रा वाळल्यावरच परत टाका.