स्टँडेजचा बोगदा : पायांनी चालवलेल्या बोटी

मँचेस्टरहून मार्सडेनला जाताना रेल्वे पेनाइन डोंगराच्या पोटात शिरते आणि काही मिनिटांत पलीकडे निघते. मी ज्या स्टँडेजच्या कालवा-बोगद्यासाठी आलो होतो, तो याच डोंगरात, रुळांना जवळजवळ लागूनच आहे. त्यातून माल भरलेली बोट पार व्हायला तीन तास लागत.

स्टेशनवरून कालव्याच्या काठाने चालत गेलं की समोर बोगद्याचं तोंड येतं. पाहिल्यावर पहिला प्रश्न हाच, की यात बोट मावते कशी? हडर्सफील्ड नॅरो कॅनॉल या कालव्याच्या बोटी जेमतेम सात फूट रुंद, आणि बोगदाही बराचसा त्याच मापाचा. लांबी मात्र सुमारे ५ किलोमीटर. ब्रिटनमधला हा सर्वांत लांब, सर्वांत खोल आणि समुद्रसपाटीपासून सर्वांत उंचावरचा कालवा-बोगदा.

काम १७९४ साली सुरू झालं. अभियंता बेंजामिन आउट्रम. पाण्याचे पाझर, पैशांची चणचण, मोजणीतल्या चुका; काम रखडतच गेलं आणि १८०१ मध्ये आउट्रमने राजीनामा दिला. पुढे नामांकित अभियंता थॉमस टेलफर्डचा सल्ला घेतला गेला. अखेर १८११ मध्ये बोगदा खुला झाला. सतरा वर्षं, आणि सुमारे ५० मजुरांचे जीव. तोंडाजवळ उभं राहून हे वाचताना मला टेलफर्डपेक्षा ती नाव नसलेली माणसंच जास्त आठवत राहिली.

पर्यटकांसाठीची बोट थोडं आत नेऊन परत आणते. हेल्मेट डोक्यावर चढतं, गार हवा अंगावर येते. विटांचं अस्तर संपतं आणि उघडा कातळ सुरू होतो, ओबडधोबड, ओलाकंच, हात लांबवला तर लागेल इतका जवळ. एरवी काठाने चालत बोटी ओढायचे घोडे; पण पैसे वाचवायचे म्हणून आत त्यांच्यासाठी वाटच ठेवली नव्हती. घोडे सोडून डोंगरावरून पलीकडे न्यायचे आणि बोट माणसांनी ओढायची नाही, तर ढकलायची: उताणं पडून, तळपाय भिंतीला लावून, अंधारात पाऊल-पाऊल चालत. या लोकांना ‘लेगर’ म्हणत. रिकामी बोट असेल तर दीड तासाच्या आत सुटका. दोन बोटी समोरासमोर आल्या की मागे कोणी हटायचं यावरून भांडणं व्हायची, म्हणून पुढे वाहतूक एकेरी केली.

मला सर्वांत चटका लावणारी गोष्ट मात्र रेल्वेची. शेजारचा पहिला रेल्वे बोगदा १८४८ मध्ये पुरा झाला, नंतर १८७१ आणि १८९४ मध्ये आणखी दोन. ते खणताना आडवे जोडबोगदे काढून दगडमाती याच कालव्यातल्या बोटींवर लादून बाहेर नेली. म्हणजे जिने कालव्याचा धंदा खाल्ला, त्या रेल्वेची वाट त्यानेच मोकळी करून दिली.

१९४४ मध्ये कालवा अधिकृतपणे बंद झाला. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या हडर्सफील्ड कॅनॉल सोसायटीच्या स्वयंसेवकांनी तो पुन्हा सुरू व्हावा म्हणून वर्षानुवर्षं झटून काम केलं, आणि २००१ मध्ये बोगद्यातून बोटी पुन्हा जाऊ लागल्या. स्वतःची बोट असेल तर आधी नोंदणी करून आजही आरपार जाता येतं.