मनी प्लांटची तीन पानं आणि सव्वादोन महिने

"मनी प्लांट काय, कुठेही लागतो!" हे मला आजवर निदान वीस जणांनी ऐकवलंय. त्यातल्या एकानेही 'पेर' हा शब्द उच्चारला नाही, त्या रागाने हे लिहितेय.

मनी प्लांट विकत आणायचा नसतो, चोरूनच लावायचा असतो, हे आमच्याकडे आजीपासून चालत आलेलं. आमच्या सोसायटीच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा वेल कठड्यावरून खाली लोंबतो. डिसेंबरातल्या एका दुपारी मी त्याची तीन पानं खुडली. लिफ्टचा आवाज आला म्हणून घाईघाईत, नखानेच. देठ चांगले लांब होते. घरी येऊन जॅमची बाटली धुतली, पाणी भरलं, पानं सोडली आणि बाटली टीव्हीशेजारी ठेवली.

आठवडा गेला, दुसरा गेला. रोज सकाळी चहा टाकायच्या आधी मी बाटली उजेडात धरून बघायचे. मूळ सोडाच, देठाला फुगवटासुद्धा नाही. आणि पानं मात्र हिरवीगार, टवटवीत! सुकली असती तर फेकून मोकळी झाले असते. ना जगणं ना मरणं, असला प्रकार.

मग सल्ले सुरू झाले. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते रात्रभर उघडं ठेव. ठेवलं. तांब्याचं नाणं टाक. टाकलं. कोळशाचा तुकडा, दालचिनीची पूड, टोकाला मध. मधाने मुंग्या आल्या. नणंदेने अ‍ॅस्पिरिनची गोळी सुचवली, तीही अर्धी विरघळवली. पुण्याची थंडी आहे, पाणी गार पडतं, म्हणून बाटली स्वयंपाकघरात फ्रिजच्या वर हलवली. तिथे अंधार, म्हणून पश्चिमेच्या खिडकीत. तिथे चार दिवसांत एका पानाला उन्हाने तपकिरी डाग पडला आणि बाटलीच्या आतून शेवाळाचा हिरवा थर चढला. जानेवारी असाच गेला. नवरा येता-जाता "काय म्हणतेय शेती?" विचारायचा. फेब्रुवारीच्या मध्यावर एका देठाचं टोक बुळबुळीत झालं आणि पाण्याला वास सुटला. तरी मी ते टोक कापून पान पुन्हा पाण्यात ठेवलं. हट्ट म्हणजे हट्ट.

शेवटी शिरोळहून मामा आले. त्यांचा ऊस आहे. त्यांनी बाटली उचलली, फिरवून बघितली आणि म्हणाले, "अगं, ह्याला डोळा कुठं हाय? नुसत्या पाल्याला कधी कोंब फुटतोय व्हय?"

उसाचं बेणं म्हणजे एक किंवा दोन डोळ्यांची टिपरी. डोळा नसलेलं कांडं कुणी जमिनीत घालत नाही. मनी प्लांटचंही अगदी तेच. पान वेलाला जिथे चिकटतं ती गाठ म्हणजे पेर. नवा कोंब तिथल्याच डोळ्यातून निघतो, आणि तिथेच बहुतेक वेळा तपकिरी टेंगूळ दिसतं, ते मूळ. नुसतं पान उजेडावर स्वतःपुरतं आठवडेच्या आठवडे तग धरतं, आणि आपण त्यालाच 'लागतंय' समजतो. क्वचित त्याला मुळं फुटलीच, तरी डोळा नसल्यामुळे वेल काही पुढे सरकत नाही.

काकूंकडे रीतसर जाऊन कात्री मागितली. पाच टिपऱ्या काढल्या, प्रत्येकीला दोन पेरं, काप खालच्या पेराच्या बोटभर खाली. खालचं पान काढून टाकलं, कारण पाण्यात बुडालेलं पान कुजतं. मार्चची ऊब होतीच. नवव्या दिवशी पांढरं टोक दिसलं आणि मी एकटीच स्वयंपाकघरात ओरडले. पुढचं सगळं आपसूक झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

हो, बाटली औषधाची तपकिरी वापरा, शेवाळ कमी धरतं. कापताना चीक हाताला लागला तर खाज सुटू शकते, हा अळूच्याच कुळातला. घरात मांजर असेल तर वर टांगा, चावलं तर तोंडाची आग होते.

पाणी आठवड्याला बदला, आणि पावसाळ्यात तर नक्कीच. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर काचेला चिकटलेली असतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, बाटली आतून घासायची. मला हे जुलैत महापालिकेच्या एका ताईंनी टॉर्च मारून दाखवलं. माझ्या बाटलीत अळ्या नव्हत्या, हे इथे नमूद करते.

मातीत कधी लावायचं? मुळं दोन-तीन इंच झाली की. महिनोन्‌महिने पाण्यात वाढलेली मुळं मातीत गेल्यावर कुरकुरतात. पहिले दहा-बारा दिवस माती ओलसर ठेवा, पण चिखल नको. माझ्या चार टिपऱ्या एका कुंडीत आहेत, पाचवी अजून पाण्यातच आहे. काकू परवा आल्या, वेलाकडे बघून म्हणाल्या, "आमच्यापेक्षा पानं मोठी आलीत की गं." चोरीच्या तीन पानांबद्दल मी त्यांना अजून काही बोललेले नाही.