तुम्ही विचारलंत म्हणून: संक्रांत डिसेंबरात का नाही?

उत्तरायण 21-22 डिसेंबरला सुरू होतं, मग संक्रांत 14 जानेवारीला कशी? पंचांग खोटं की खगोलशास्त्र? दर जानेवारीत हे विचारलं जातं, आणि विचारणाऱ्याला बहुतेकदा उत्तर नको असतं, मी कुणाच्या बाजूचा ते हवं असतं. आधी मोजून बघा.

पुण्यात एक मीटरची काठी ओळंबा लावून उभी करा. 21 डिसेंबरला 12:33 ला सावली साधारण 90 सेंमी भरते. मध्यान्हीची याहून लांब सावली वर्षभरात पडत नाही. 14 जानेवारीला 12:44 ला तीच 84 च्या आत येते. सूर्य केव्हाच वळलेला असतो. (बरोबर बाराला मोजू नका, पुण्याची मध्यान्ह तेव्हा होत नाही.)

पंचांग सावली बघत नाही, ताऱ्यांमध्ये सूर्य कुठे आहे ते बघतं. संपातबिंदू, म्हणजे दिवस-रात्र समान असताना सूर्य ताऱ्यांमध्ये जिथे दिसतो ती जागा, वर्षाला सुमारे 50 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) मागे सरकतो, म्हणून ताऱ्यांचं वर्ष ऋतूंच्या वर्षाहून 20 मिनिटांनी मोठं. त्यामुळे संक्रांत साधारण 72 वर्षांत एक दिवस पुढे सरकते. राशिचक्र कुठून मोजायचं यावरही एकमत नाही: चित्रा तारा धरणाऱ्या चित्रापक्षाची संक्रांत 14-15 जानेवारीला, तर रेवती तारा धरणाऱ्या टिळक पंचांगाची 10 च्या आसपास. गणित दोघांचंही चोख आहे.

हे मिटवायची संधी एकदा आली होती. 1952 मध्ये खगोलभौतिक शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली, 1955 मध्ये अहवाल आला. सरकारी दिनदर्शिका समितीने ऋतूंना बांधली. ती 22 मार्च 1957 पासून, 1 चैत्र 1879 शके, लागू झाली. धार्मिक सणांपाशी मात्र समिती थबकली. साचलेली 23 दिवसांची चूक तशीच ठेवायची, अयनांश (संपातबिंदू आणि ताऱ्यांच्या राशिचक्राचा आरंभ यांतलं अंतर) 23 अंश 15 कलांवर गोठवायचे, म्हणजे निदान पुढची घसरण थांबेल, अशी तडजोड तिने सुचवली. घरोघरच्या पंचांगांनी तीही घेतली नाही. साहांसारखा माणूस असून सण हलला नाही, हे मला आजही लागतं.

पूर्वी मी म्हणायचो, सरळ डिसेंबरात न्या. आता तेवढ्या ठामपणे म्हणवत नाही. भोगीची भाजी, सुगडं, हळदीकुंकू हे सगळं लोकांनी जानेवारीभोवती रचलंय. ते एका अहवालाने उचलता येत नाही. पण त्या दिवशी ‘आजपासून उत्तरायण’ असं छापणं मला पटत नाही. आणि काहीच केलं नाही, तर हजार वर्षांनी संक्रांत जानेवारीच्या शेवटाला पोचलेली असेल.