१५ ऑगस्टची मुदत

सोमवार, रात्री

दिवाळी अंकाची कथा ऑगस्टमध्ये हातात पडली नाही तर संपादकाची पुढची सगळी घडी विस्कटते. अक्षरजुळणी, चित्रकाराकडची खेप, दोन-तीनदा मुद्रितं तपासणं, जाहिरातींची पानं बसवणं, मग छपाई आणि बांधणी. का. र. मित्रांनी १९०९ साली आपल्या ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला. ती प्रथा अजून चालू आहे आणि मराठीत कथा लिहिणाऱ्या कितीतरी जणांचा पावसाळा त्याच कामात जातो. यंदा माझाही. मुदत १५ ऑगस्टची. संपादकांनी आपणहून फोन केला, “मॅडम, ठाण्याच्या वागळे इस्टेटवरची कथा म्हणत होतात ना, तीच द्या,” म्हणाले. कोणी नाव घेऊन एखादी गोष्ट मागितली की ती आपल्यापुरती राहत नाही. मला ती वेळेवर द्यायची आहे आणि चांगली द्यायची आहे.

अडचण अशी की ऑफिसचा महिनाही तारखांवरच चालतो. वाशीला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मी अकाउंट्स बघते. ३१ जुलैला पहिल्या तिमाहीचं टीडीएस रिटर्न, म्हणजे पैसे देताना कापलेल्या कराचा हिशेब. मग ऑगस्टच्या ७ ला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीचं विक्रीचं विवरण जीएसटीआर-१, १५ ला पीएफ, २० ला जीएसटीचंच ३बी. कथेची तारीख बरोबर या सगळ्याच्या मध्ये येते. नोकरीबद्दल माझी तक्रार नाही. घराचा हप्ता तिच्यावर चालतो, आणि खातं पैशापर्यंत जुळलं की मला मनापासून समाधान वाटतं. पण दिवसभर आकडे पाहिलेल्या डोक्यात कथेतली माणसं यायला वेळ लागतो. ती येतात तोवर कुकर लावायची वेळ झालेली असते.

वाशी गाडी ठाण्याहूनच सुटते म्हणून सकाळी बसायला मिळतं. खाडी मागे पडली की फोन काढायचा आणि तुर्भे येईपर्यंत लिहायचं. कथेतले संवाद बहुतेक असेच झालेत. संवाद तुकड्यातुकड्याने लिहिता येतो. माणूस गप्प असताना त्याच्या मनात काय चाललंय, ते तसं नाही लिहिता येत.

बुधवार

रात्रभर कोसळत होता. पहाटे पाणी भरायला उठले तर पॅसेजमधल्या माळ्यावरून ठिबकत होतं. माळ्यावर जास्तीच्या गाद्या, गणपतीची आरास आणि माझ्या वह्यांचा खोका. नवऱ्याने स्टूल धरलं, मी खोका उतरवला. खालचा पुठ्ठा लगदा होऊन हातात आला.

ऑफिसला फोन करून अर्धा दिवस घेतला. महिनाअखेरीला असं मागणं जिवावर येतं, पण दमट हवेत भिजलेला कागद दोन दिवसांत बुरशी धरतो आणि मग काही करता येत नाही. ओल्या वह्या उघडायची घाई करायची नसते. पानं एकमेकांना चिकटलेली असतात, ओढली की फाटतात. आधी पंचात गुंडाळून हलकं दाबायचं, वही उभी ठेवायची, कडा सुटायला लागल्या की मध्येमध्ये कोरे कागद सरकवायचे आणि ते भिजले की बदलायचे. वर्तमानपत्र घालू नये, त्याची शाई ओल्या पानावर उतरते. अख्खा हॉल वह्यांनी भरला. पंखा पाचावर. सासूबाई न सांगता खाली बसल्या आणि एकेका वहीचे कागद बदलू लागल्या. “यातलं आधी कोणतं वाचवायचं ते सांग,” म्हणाल्या. त्या वाक्याने मला फार आधार वाटला.

आधी कोणतं, ते मला माहीत होतं. एक लांबट वही आहे. बाबा रिटायर झाल्यावर वागळे इस्टेटबद्दल बोलायचे आणि मी लिहून घ्यायचे. ही एमआयडीसीची, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली औद्योगिक वसाहत, महामंडळ स्थापन झालं ते १९६२ साली. बाबा एका इंजिनिअरिंग कारखान्यात लेथवर होते. त्यांच्या खात्यातल्या टाइमकीपरवरच माझी कथा आहे. सातचा भोंगा, त्याआधी गेटवरची गर्दी, पंचिंगच्या यंत्राचा आवाज, कार्डांचे लाकडी खाने, उशिरा आलेल्याला आत घ्यायचं की नाही हे नुसत्या मानेने सांगणारा तो माणूस. हे सगळं त्या वहीत होतं. आज तिथे काचेच्या इमारती आहेत, माझ्या मैत्रिणीची मुलगी त्यातल्याच एकीत कॉम्प्युटरवर काम करते.

बॉलपेनचं सगळं वाचलं, ती शाई तेलकट असते. पण या वहीतला निम्मा मजकूर शाईच्या पेनने लिहिलेला आहे. तो पाण्यात उतरला आणि पानं फिकट निळी झाली. काही ठिकाणी निबेचे ओरखडे तिरप्या उजेडात दिसतात, तेवढ्यावरून एखादा शब्द लागतो. बाबांना जाऊन बराच काळ झाला. त्यांना परत विचारता येणार नाही, हे मला इतकं स्पष्ट आज पहिल्यांदाच जाणवलं.

दुपारी ऑफिसला गेले. रात्री जेवणं झाल्यावर पुसलेल्या पानांवर काय होतं ते आठवेल तसं लिहीत बसले. कथेला हात लावला नाही. आज ते जमणारही नव्हतं आणि करायचंही नव्हतं.

गुरुवार

टीडीएसची दोन चलनं जुळेनात. एकात पॅन चुकलेला, एकात कलम. घरी यायला साडेनऊ. काही लिहिलं नाही.

शनिवार

आज सुट्टी. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जायचं ठरवलं होतं. ही संस्था १८९३ पासून आहे. पुस्तकांच्या मधोमध बसलं की मला लिहायला धीर येतो. पण प्लंबरने “दहाला येतो ताई” सांगितलं होतं. आला साडेचारला. त्याच्यावरही राग धरवत नाही, पावसात अख्खा नौपाडा गळत असतो आणि चांगली माणसं मोजकी.

काम मात्र नीट केलं. गळती पावसाची नव्हतीच. पाऊस कमी झाला तरी ठिबकणं चालू होतं, त्यावरून मला वाटतच होतं. त्याने वरच्या काकूंच्या बाथरूममध्ये रंगाचं पाणी ओतलं आणि थोड्या वेळाने आमच्या माळ्यावर लाल थेंब आले. नहाणी ट्रॅपचा, म्हणजे पाणी जायच्या जाळीखालच्या भागाचा, जोड सुटलाय. पाणी स्लॅबच्या उतारावरून सरकत येऊन पॅसेजमध्ये बाहेर पडत होतं. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून होणारी गळती सोसायटीची, पण संडास-बाथरूम आणि सिंकमुळे होणारी आतली गळती त्या त्या सभासदाने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची असते. काकूंना हे कसं सांगावं याचा घोर मला दोन दिवस होता. त्या स्वतःच म्हणाल्या, “अगं, तुझ्या वह्या भिजल्या म्हणे. सोमवारी फोडून घेते.” आता आठवडाभर वर ठोकाठोक चालेल, ती चालू दे.

प्लंबरची वाट बघताना सहा-सात तास मी घरातच होते, लॅपटॉपसमोर. वेळ नव्हता असं म्हणता येणार नाही. तरी चार ओळींपुढे सरकले नाही. त्याचं कारण आज मला नेमकं कळलं. माझे कान घरात होते. बेल वाजेल, टाकी भरून वाहायला लागेल, दूध उतू जाईल, गॅसवाला येऊन परत जाईल. कथेत शिरायचं तर ते कान बंद करावे लागतात. आणि ते बंद तेव्हाच होतात, जेव्हा घरात दुसऱ्या कोणाचे उघडे आहेत याची खात्री असते. नवरा कामाला कधी नाही म्हणत नाही, सांगितलं की करतो. पण कोणता व्हॉल्व्ह कुठला, हे मी सांगेपर्यंत त्याला माहीत नसतं. घराची सगळी यादी एकाच डोक्यात असेल, तर त्या डोक्याला दार लावून बसता येत नाही. माझ्या ओळखीतल्या लिहिणाऱ्या कितीतरी बायकांची गाडी नेमकी इथेच अडते. त्यांना उगाच वाटत राहतं की आपल्यात चिकाटी नाही.

हे मी रात्री नवऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मला सगळं एकदा दाखव, आणि मग विचारायला आलो तर सांगू नकोस.”

रविवार

सकाळी मुलाला आणि नवऱ्याला घेऊन घरभर फिरले. मेन स्टॉपकॉक, टाकीचा व्हॉल्व्ह, गीझरचा एमसीबी म्हणजे विजेचा खटका, सिलिंडरचा ग्राहक क्रमांक, प्लंबरचे दोन नंबर, वॉचमनकडे पाण्याच्या वेळेबद्दल कधी चौकशी करायची ते. मुलाने सगळं लिहून फ्रिजवर लावलं. मग मी आतल्या खोलीत गेले आणि दार लावलं.

दुपारपर्यंत बाहेर दोनदा काहीतरी पडलं. मी उठले नाही. टाइमकीपर कारखान्याच्या शेवटच्या दिवशी गेटवर उभा आहे, भोंगा वाजत नाही, आणि तरीही तो घड्याळ बघून सातला दार ओढून घेतो, इथपर्यंत आले. हे वहीतलं नाही, बाबांनी असं काही सांगितलेलं मला आठवत नाही. पण तो माणूस असंच करेल याबद्दल मला शंका नाही.

एक गोष्ट मात्र अडली आहे. कारखाना बंद झाल्यावर हजेरीचं मस्टर आणि ती कार्डं कोणाच्या ताब्यात जातात? बाबांच्या खात्यातले एक काका चरईत राहतात, त्यांना माहीत असणार. सकाळी ते कौपिनेश्वराच्या देवळात जातात, म्हणून उद्या डब्याच्या सुट्टीत फोन करेन.