टेपचं दुसरं टोक

झोप येत नाहीये. मुलगा मघाशीच झोपला, ह्यांचा फोन अजून नाही.

झालं काय, संध्याकाळी मालक काका आले, बरोबर प्लंबर. "गो, ह्या टोक जरा धर मगे." धरलं. ओटा मोजला, सात फूट दोन इंच, मग भिंत, मग दारापासून खिडकीपर्यंत, आणि दर वेळी टेपचं दुसरं टोक माझ्याच हातात. तिसऱ्यांदा धरलं तेव्हा कळलं की ओटा तोडून तिथे अटॅच बाथरूम होणारय. म्हणजे जिथे माझी शेगडी आहे बरोब्बर तिथे कमोड. आणि मी काय केलं, तर त्याच शेगडीवर दोघांना चहा करून दिला, वर साखर बरोबर आहे ना विचारलं!

काकांचा राग नाहीये. मालवणात आता ज्याच्याकडे जास्तीची खोली आहे तो होमस्टे करतोय, किल्ला बघायला आणि स्कूबाला येणारी माणसं कुठेतरी झोपणारच. मी महिन्याला ५,५०० देते, सीझनला एसी रूमचे एका रात्रीचे २,५०० येतात. पतपेढीत दिवसभर दुसऱ्यांचे हिशोब करते, हा कळायला मला वेळ नाही लागला.

पण टोक का धरलं? नाही म्हणायचं नव्हतं तर निदान हात ओले आहेत म्हणायचं. सहा वर्षांत भिंतीला तीन खिळे मारले, तिन्ही विचारून. कॅलेंडरचा, घड्याळाचा, एक छत्रीचा. तिसऱ्याला काका म्हणालेले, "आता पुरे हां." आणि मी तेव्हाही हसलेच होते. सवयच लागलीय, दुसऱ्याच्या घरात राहायचं म्हणजे आवाज न करता राहायचं, नळसुद्धा हळू सोडायचा...

रडू आलं थोडं. मग अ‍ॅग्रीमेंट काढून बसले. अकरा अकरा महिने करत हे सातवं. त्यात मी भाडेकरू नाहीच, लायसेन्सी, म्हणजे नुसती राहायची परवानगी असलेली. मुदत संपून बसून राहिले तर कायद्याने दुप्पट भरायचे.

"गावाक घर असा मां तुमचा?" हेही विचारलं जाताना. असा. सातबाऱ्यावर तेवीस नावं, ह्यांचं सतरावं. मागच्या पावसात पडवी बसली, कौलं उतरवून रचून ठेवलीत, पण हात लावायचा तर मुंबईच्या सगळ्यांचं हो पाहिजे, ते सगळे भेटतात गणपतीला आणि गणपतीत असल्या गोष्टी कोणी काढायच्या. सासऱ्यांनी एकदा काढलेली. असो.

कॉलेजला आम्हाला ओल्गा टेलिसची केस होती, १९८५ ची, मुंबईतल्या फुटपाथवर राहणाऱ्यांची. जगण्याच्या हक्कात रोजीरोटीचा हक्क येतो असं सुप्रीम कोर्टाने म्हटलं आणि झोपड्या हलवायच्या त्या पावसाळा सरून महिना गेल्यावर, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबा म्हटलं. परीक्षेत मी फक्त पहिला अर्धा भाग लिहिलेला, छान मार्क पडलेले. आज काका चप्पल घालता घालता म्हणाले, "घाई नाय हां, गणपती होवंदेत, दिवाळीच्या आदी बघूया." म्हणजे तेच की! काकांनी न वाचता सुप्रीम कोर्टाएवढीच मुदत दिली. एकटीच हसले अंधारात, मुलगा कूस बदलून परत झोपला.

फुटपाथवरच्यांशी माझी बरोबरी नाही, कळतं मला. डोक्यावर स्लॅब आहे, पगार आहे. तरी टोक मीच धरलं ते काही डोक्यातून जात नाही.

प्लंबर टेप इथेच विसरून गेलाय, फ्रीजवर. सकाळी येईल न्यायला. तोवर कपाट मोजून ठेवते, इथेच दांडी भागात एक खोली आहे म्हणे, दार अरुंद आहे.