एवढ्याशा पाँटूनला मोटर कशाला?

इथे मिनेसोटात तळ्यावर आपली मराठी मंडळी भेटली, की माझ्या छोट्या पाँटून होडीकडे बघून हमखास विचारतात, "वल्ही आहेत, पायांत पोहायचे फ्लिपर आहेत, मग मोटर कशाला? आणि लावायचीच होती तर चांगली मोठी का नाही लावलीत?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मोटर आहे ती वाऱ्यासाठी. हवा भरलेल्या दोन नळ्या, वर सांगाडा आणि खुर्ची, एवढीच ही आठ-नऊ फुटी होडी. पाण्यात जेमतेम बुडते, त्यामुळे वारा तिला फुग्यासारखा ढकलत नेतो. सकाळी शांत असलेलं तळं दुपारी उसळायला लागतं, आणि गाडी उभी केलेला काठ नेमका वारा येतो त्या बाजूला असला की वल्हवून परत येताना खांदे भरून येतात. मासे धरताना मात्र मी अजूनही पायच चालवतो. पाणगवताच्या कडेला होडी जागच्या जागी धरायला फ्लिपरसारखं दुसरं काही नाही, शिवाय दोन्ही हात गळाला मोकळे. मोटर फक्त जाण्यायेण्यापुरती.

म्हणूनच मोठी नको. माणूस, होडी, सामान मिळून दीडशे किलो धरा. दर 45 किलोंमागे 2 पौंड थ्रस्ट, म्हणजे मोटरीचा ढकलण्याचा जोर, हा नेहमीचा हिशेब. म्हणजे 7 पौंडांत भागतं, आणि बाजारातल्या छोट्या मोटरी 30 पौंड थ्रस्टच्या असतात. त्याहून मोठी लावली तरी इतकी आखूड होडी स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. वेग वाढत नाही, बॅटरी तेवढी लवकर उतरते.

पैसे घालायचेत ते बॅटरीत घाला. लेड-ॲसिडची डीप सायकल, म्हणजे बराच वेळ वीज पुरवणारी, बॅटरी 20 किलोंच्या वर जाते आणि सारखी निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते. 50 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी 6-7 किलोंत येते. पूर्ण वेगात मोटर साधारण 30 अँपिअर ओढते, म्हणजे दीड तास. निम्म्या वेगात सकाळ आरामात निघते. मोटर मागे असते, म्हणून बॅटरी पुढे, पायांपाशी ठेवा. तार लांबेल तशी जाड घ्या. सर्किट ब्रेकर बॅटरीजवळच हवा.

घरी आलात की पंख्याचा नट सोडवा, पिन सांभाळून बाजूला ठेवा आणि पंख्यामागे बघा. दांड्याला गळाची बारीक दोरी गुंडाळलेली सापडते. ती सील कापते आणि मोटरीत पाणी शिरतं. पंख्याला अडकलेलं गवत मात्र तळ्याच्या काठावरच काढायचं. ते घेऊन रस्त्यावर निघणं इथे बेकायदा आहे. युरेशियन वॉटरमिलफॉइल हे बाहेरून आलेलं पाणगवत असंच होड्यांना चिकटून तळ्यातळ्यांत पसरलं.

आणखी एक. मोटर लागली, मग ती इलेक्ट्रिक का असेना, की मिनेसोटात होडीची नोंदणी करावी लागते. तिची मुदत 3 वर्षं. वल्ही काढून ठेवू नका, बॅटरी संपली की तीच उपयोगी पडतात.