निसर्गवही: पाणकणीस आणि पाणमांजर, काम कुठवर आलं

मंडळी, जोडपान निम्म्याहून जास्त भरलंय. डावीकडे पाणकणीस, उजवीकडे नदीतलं पाणमांजर. पाण्यात राहून दोघं हवा कशी बाळगतात, एवढंच दाखवायचंय.

पाणकणीस आधी हाती घेतलं आणि त्यातच रमलो. पान ब्लेडने आडवं कापून भिंगाखाली धरा, आत पोकळ कप्प्यांची ओळच दिसते. उभा काप घेतला की कप्प्यांत थोड्याथोड्या अंतरावर आडवे पडदे लागतात. त्यांना बारीक छिद्रं असतात, त्यामुळे हवा पुढे जाते, पाणी मात्र सहज शिरत नाही. मुळं रुततात त्या चिखलात ऑक्सिजन जवळपास नसतोच. म्हणून दिवसा कोवळ्या पानांत दाब तयार होतो, हवा खाली खोडाकडे ढकलली जाते आणि जुन्या, मोडक्या पानांतून बाहेर पडते. मोडकी पानं चित्रातून गाळू नका, हवेची बाहेरची वाट तीच आहे! मुळांतून थोडा ऑक्सिजन चिखलातही झिरपतो, तिथल्या लोहावर गंज चढतो आणि मुळांवर नारिंगी थर बसतो. त्यासाठी बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग अगदी चपखल बसला.

पाणमांजराची फर मोठ्या केलेल्या फोटोंवरून काढतोय. वर लांब राठ केस, खाली दाट लव. युरेशियन पाणमांजराच्या अंगावर 1 चौरस सेंटिमीटरमध्ये 50,000 हून अधिक केस असतात. लवेच्या केसांवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि मधे हवा कोंडून राहते. या प्राण्याच्या अंगावर सीलसारखी चरबीची जाड गादी नसते, थंडी अडवायची ती या हवेनेच. म्हणून तर बाहेर आल्यावर ते इतका वेळ अंग घासत, लोळत, फर चाटत बसतं. श्वासाला ही हवा उपयोगी नाही, त्यासाठी वर यावंच लागतं.

इथेच माझी मांडणी बदलली. आधी दोन्हीकडे सारखेच निळे बाण होते. आता बाण फक्त पाणकणसात, कारण तिथे हवा वाहते. फरीतली हवा अडलेली, तिला फिकट सपाट रंग.

राहिलंय ते बुडी मारतानाचं चित्र. खोल जाताना दाबामुळे फरीतली हवा थोडी निसटते आणि मागे बुडबुड्यांची रेघ उमटते. ती पांढऱ्या गौशने (अपारदर्शक जलरंगाने) काढावी की कागद कोरा सोडावा? माझा कल कोऱ्या कागदाकडे आहे, गौश ओल्या निळ्यात मळतो. कुणी करून पाहिलं असेल तर जरूर सांगा.